ओळ परत द्यायची असते

बायनाबाईंची अट एकच होती. "जा म्हनलं तं जा. पन लेकराले घेऊन मी बी येतो. तू तिथी आ-आ करत बसशीन, आन हे इथी माज्या जिवाले रडत बसन, ते मले नाई जमत."

म्हणून दहा दिवस, सकाळी साडेपाचला, सिंदेवाहीच्या बाहेरच्या रस्त्यानं तिघी निघायच्या. पुढे सासू बायनाबाई, त्यांच्या कडेवर चौदा महिन्यांची मितू, मागे पाण्याची बाटली आणि दुपट्यांची पिशवी घेतलेली दीपिका. मे महिना होता. सहा ते दहा एवढाच वेळ माणसाचा. दहानंतर ऊन कोणालाच घराबाहेर उभं राहू देत नसे.

नाटकाची कार्यशाळा भरायची बंद पडलेल्या राइस मिलच्या गोदामात. यंत्रं कधीच विकली गेली होती, पण भिंतींना कोंड्याचा वास तसाच होता आणि वर टिनाचं उंच छप्पर. नुसतं खोकललं तरी ते छप्पर दोनदा खोकलून दाखवायचं. हेमराजभाऊंनी हीच जागा मागून घेतली होती. "इथी जो खरं गाईन तोच टिकंन," ते म्हणाले. "खोटा सूर लावला तं छप्परच चाडी सांगते."

हेमराजभाऊ झाडीपट्टीतले जुने नट. धान कापून झालं की दिवाळीपासून होळीपर्यंत या भागात गावोगाव नाटकांचे मंडप पडतात, बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरभरून माणसं येतात. त्या मंडपांमधून ते बावीस वर्षं राजे झाले, सासरे झाले, फौजदार झाले. पहिल्याच दिवशी त्यांनी आपली रंगाची पेटी सगळ्यांसमोर उघडली. आत एकच मोठी डबी होती, फिक्कट गुलाबी.

"पाहून घ्या. राजाले हाच रंग, रानीले हाच. देवाले बी हाच. आपल्या चामडीचा रंग या पेटीत फक्त चोरासाठी व्हता, तो बी कोळसा उगाळून." पोरं हसली. ते हसले नाहीत. "गानारी बाई नागपूरहून येते. काऊन? तं म्हनतात आपल्या पोरी काळ्या, आन आपल्या पोरी लाजतात. या हंगामात माजं नाटक उभं राहीन ते तुमच्या तोंडानं. डबी मी आज बंद केली."

त्यांनी डबी खरंच बंद केली आणि पेटीवर बसकण मारली.

समोर चाळीस जणं होती. अठरा ते पंचविशीतली. गोंड, माना, ढिवर, बौद्ध. कोणी कॉलेज सोडलेलं, कोणी मजुरीला जाणारं. नाटकात एक गाणारी बाई हवी होती, सुरुवातीपासून शेवटापर्यंत रंगमंचावर उभी राहणारी. दहाव्या दिवशी प्रत्येक पोरीनं एकटीनं गायचं आणि हेमराजभाऊंनी त्यांच्यातून तिला निवडायचं. नाहीच मिळाली, तर नागपूरला फोन करायचा.

दीपिकाला ती जागा हवी होती. इतकी हवी होती की ते तिनं घरी कोणाला सांगितलंही नव्हतं. नवरा, पवन, गडचांदूरकडे खाणीवर डंपर चालवायचा, पंधरा दिवसांनी यायचा. त्याला एवढंच ठाऊक होतं की बायको "क्लास"ला जाते. दीपिकाचे वडील, सोमाजी, भीमजयंतीच्या मंचावर गाणारे. पाच वर्षांची असताना त्यांनी तिला बाजाच्या पेटीजवळ बसवलं आणि म्हणाले होते, सूर देवाघरचा नसतो बाई, दमाचा असतो. एका दमात ओळ पुरी झाली पाहिजे. ती करायची. बारावीपर्यंत तालुक्यात तिच्या दमाची ख्याती होती.

मग लग्न झालं, मितू झाली, ऑपरेशननं झाली. टाके सुकले, पण दम परत आला नाही. ओळ सुरू व्हायची छान, आणि शेवटाकडे येता येता पोटातून काहीतरी निसटायचं. शेवटची दोन अक्षरं नुसती वाऱ्यावर जायची. ती तांदूळ पाखडताना गाऊन बघायची, मितूला झोपवताना गाऊन बघायची. दर वेळी तेच. हे दुखणं कोणाला दाखवणार? अंगावर त्याची काही खूण नव्हती.

या चाळिसांखेरीज एटापल्लीच्याही पलीकडून चार माडिया पोरं आली होती. तिसऱ्या दिवशी तेंदूपत्त्याची फळी, म्हणजे पानांची खरेदी, सुरू झाल्याचा निरोप आला आणि तिघं परत गेली. एकटी बुधरी राहिली. एकोणीस वर्षांची, आश्रमशाळेत दहावीपर्यंत शिकलेली, मराठी नीट बोलणारी पण मोजकं. सगळे मिळून गायचे तेव्हा ती गायची. बाकी वेळ भिंतीला टेकून सगळ्यांचे पाय बघत बसायची.

"पाय काऊन पाहात राह्यते वो?" ढोलकीवाल्या विक्कीनं एकदा विचारलं.

"तोंडानं माणूस खोटं बोलते," बुधरी म्हणाली. विक्कीनं दिवसभर पाय मांडीखाली घेऊन ढोलकी वाजवली.

सहाव्या दिवशी मधल्या सुट्टीत दीपिका हापशीवर मितूचं झबलं धुवत होती. मितू बायनाबाईंच्या कडेवर किंचाळत होती. दात येत होते. बुधरी हापसायला आली. दांडा खालीवर करता करता तिनं एक ओळ गुणगुणली. गोंडीत. लहानशी, वर चढून मध्येच थबकणारी. मग गप्प. पुन्हा तीच ओळ, पुन्हा गप्प. दीपिकानं मितूला घेतलं आणि लेकरू शांत व्हावं म्हणून, काही न समजता, कानावर पडलेली तीच ओळ तिच्या कानाशी म्हटली.

बुधरीचा हात दांड्यावर थांबला. तिनं वळून बघितलं, आणि लगेच पुढची ओळ टाकली. दीपिकानं तीही म्हटली. मग तिसरी. मितूचं रडणं कधी थांबलं ते कळलंच नाही. बादली भरून वाहायला लागली तेव्हा बायनाबाई ओरडल्या, "अवो पोट्ट्यायनो, पानी!"

"केवढं गोड गाणं आहे," दीपिका म्हणाली. "इतके दिवस काऊन नाई गायलीस?"

"कोणी परत देतच नव्हतं ना ताई," बुधरी म्हणाली, जणू हे विचारायचं काय. "एका बाजूनं म्हणायची, दुसऱ्या बाजूनं परत द्यायची. मग पुढची येते. नाई दिली तर गाणं तिथंच उभं राहते."

"आणि दुसरं कोणी नसलंच तर?"

हा प्रश्न बुधरीला कोणी केलाच नव्हता. "कोणी नसलं तर गाणं कोणाला म्हणायचं?"

दीपिका हसली, आणि मग दिवसभर तिला ते आठवत राहिलं. आपल्या घरी तर एकटं गाता येणं हीच कमाई होती.

दहावा दिवस उजाडला. बायनाबाईंनी सुनेला निघताना गूळ-पाणी दिलं. गोदामात मधली जागा मोकळी ठेवून दोन्ही भिंतींशी पोरं बसली. हेमराजभाऊंनी नियम सांगितला.

"झाडीपट्टीले एक रोग हाय. पडद्यामागं प्रॉम्प्टर बसते, तो ओळ सांगते, मंग हिरो बोलते. मी सोता बावीस वरसं तसाच बोललो, म्हनून सांगून राह्यलो. आज इथी कोनी कोनाले ओळ सांगायची नाई. गुनगुनायचं नाई, ओठ हालवायचे नाई. ज्याले सांगितली तो बाद, ज्यानं सांगितली तो बी बाद. विसरला तं तीन बार संधी. समजलं?"

"हाव," गोदाम म्हणालं आणि छपरानं दुजोरा दिला.

दीपिकाचा नंबर पाचवा. तिनं वडिलांचं गाणं घेतलं. पहिली ओळ सरळ छपराला जाऊन भिडली आणि पोरांची कुजबुज बंद झाली. दम संपत आला की ती शब्द थोडा आधी सोडत होती, लपवत होती. ते लपवणं तिलाच ऐकू येत होतं. गाणं पार पडलं. हेमराजभाऊंनी वहीत लिहिलं, मग दाराशी बसलेल्या सासूकडे बघून म्हणाले, "बायनाबाई, ही सून आजवर कुठी लपवून ठेवली व्हती?"

"लपवन काऊन? तुमालेच दिसली नाई," बायनाबाई म्हणाल्या. सगळे हसले. दीपिकाला कळलं, झालं. जागा आपली. तिला तोंडावरचं हसू आवरत नव्हतं.

मग एकामागून एक पोरी गाऊन गेल्या. शेवटी बुधरी उठली.

ती मधोमध जाऊन उभी राहिली, हेमराजभाऊंकडे पाठ करून, समोरच्या भिंतीच्या पोरांकडे तोंड करून. तिनं हापशीवरचीच ओळ घेतली. वर चढली, थबकली. आणि बुधरी वाट बघत उभी राहिली.

बाहेर एक मोटारसायकल गेली.

"इसरली," विक्की पुटपुटला.

"एक झाली," हेमराजभाऊ म्हणाले. "घे पुन्ना."

बुधरीनं तीच ओळ पुन्हा म्हटली, थोडी मोठ्यानं, दुसऱ्या टोकाला ऐकू आली नसेल तर म्हणून असावी. पुन्हा थांबली. मान थोडी पुढे.

"पुढं काय, पोरी?"

"तिकडून आली नाई अजून," बुधरी म्हणाली.

"काय आली नाई?"

"ओळ."

पोरं फुटलीच हसून. हेमराजभाऊंनी कपाळाला हात लावला. "हेच तं सांगून राह्यलो मी! इथी प्रॉम्प्टर नाई बसवला. दोन झाल्या. आखरी बारी."

बुधरीला हसण्याचं कारण कळलं नव्हतं. बाकीच्यांची गाणी एकट्याची असतील, पण आपल्या गाण्यात एकानं गायचं म्हणजे दुसऱ्यानं उचलायचं, बंदी ओळ सांगायला आहे, परत द्यायला नाही, आणि परत द्यायला तर चाळीस जणं बसलीच आहेत, असंच ती धरून चालली होती. तिच्या गावात हे कोणी कोणाला सांगत नाही. पंगतीत बसलेल्याला जेव म्हणून कोण सांगतं?

दीपिकाला सांगता आलं असतं. हात वर करायचा, भाऊ, ती विसरली नाही, एवढंच बोलायचं. ते शब्द तिच्या जिभेवर आलेही होते. पण त्यांच्या आड आणखी काहीतरी येऊन बसलं होतं, आणि ते काय आहे हे तिला नीट ठाऊक होतं. बुधरी बसली की नंबर संपतात. नंबर संपले की वहीत आपलंच नाव. तिनं खाली बघितलं, साडीच्या काठावरचा कोंडा झटकला. झटकण्यासारखा तो नव्हताही.

बुधरीनं तिसऱ्यांदा ओळ घेतली. आता ती दीपिकाकडे बघून म्हणत होती. रागावून नाही, विनवूनही नाही; उंबऱ्यावर उभं राहून ओळखीच्या माणसानं हाक मारावी आणि आतून ओ येणारच हे धरून असावं, तसं. ओळ वर चढली, थबकली, आणि ते अर्धं गाणं गोदामाच्या मध्यावर उभं राहिलं. दीपिकाला ते अक्षरशः दिसलं. त्याला कोणीतरी घ्यायलाच हवं होतं.

तिनं परत दिली.

उभी राहून, मोठ्यानं, चुकीच्या उच्चारांसकट.

"ए!" हेमराजभाऊ ओरडले. "दीपिका, बाद! दोघी बी..."

त्यांचं वाक्य पुरं झालंच नाही, कारण बुधरीची दुसरी ओळ येऊन गेली होती. दीपिकानं ती उचलली. तिसरी आली. हेमराजभाऊंचा हात वरच राहिला. आणि दाराशी मितूला मांडीवर घेऊन बसलेल्या बायनाबाई एकदम म्हणाल्या, "अगा माय! हा तं रोवना होय!"

चाळीस वर्षं धानाच्या चिखलात वाकून रोवणी केलेली ती बाई. तिथेही बायका अशाच दोन रांगा करून गातात, एका रांगेनं टाकायची, दुसरीनं उचलायची. गोंडीचा एक शब्द येत नव्हता, पण ओळ कुठे घ्यायची आणि कुठे ठेवायची ते त्यांच्या कमरेला ठाऊक होतं. चौथ्या ओळीला त्यांचा जाडाभरडा आवाज दीपिकाच्या आवाजाखाली येऊन बसला, भिंतीखाली जोतं असावं तसा. मग एका माना पोरीचा आला. मग ढिवरांच्या दोन भावांचा. विक्कीनं ढोलकीकडे हात नेला. बुधरीनं मान हलवली आणि पाय आपटून दाखवला. डावा, डावा, उजवा. तो उठला. सगळी भिंत उठली.

दीपिकानं आयुष्यभर गाणी ऐकली होती, पण हे असं कधीच नाही. ओळ बुधरीच्या एकटीच्या गळ्यातून बारीक निघायची, इतकी बारीक की तुटेल वाटावं, आणि चाळीस गळ्यांमधून परत जाताना ती नदीएवढी व्हायची. छप्पर गुंजायला लागलं होतं. ते चाडी सांगत नव्हतं, तेही म्हणत होतं. पायांखालून कोंड्याची धूळ उठली आणि वरच्या झरोक्यातून आलेल्या उन्हात शिरून सोन्यासारखी झाली. त्या धुळीत काळे हात एकमेकांच्या कमरेत गुंफलेले, घामानं चकाकणारे, आणि ते इतके सुंदर दिसत होते की दीपिकाला वाटलं, आपण आजवर यांना बघितलंच नव्हतं. आपल्याही हाताला. शब्दांचा अर्थ फारसा कोणाला कळत नव्हता आणि कोणी चुकत नव्हतं. मितू आजीच्या खांद्यावर तोंड उघडं ठेवून, न हलता, सगळ्यांकडे बघत होती.

आणि कितव्यातरी ओळीला तिच्या लक्षात आलं की पोटातलं ते निसटणं थांबलंय. ओळ सुटत नव्हती. सुटायच्या आत पलीकडची बाजू ती घेत होती, तोवर हिचा दम भरत होता. चौदा महिने ती एकटीच्या छातीत जे शोधत होती ते असं बाहेर, समोर, माणसांमध्ये ठेवलेलं होतं. तिचे डोळे भरून आले आणि आवाज जराही हलला नाही.

गाणं थांबलं तेव्हा दहा वाजून गेले होते. छप्पर थोडा वेळ एकटंच गुणगुणत राहिलं.

"नियम म्हंजे नियम," हेमराजभाऊ शेवटी म्हणाले. "दोघी बाद."

"मंग आमी बी बाद, भाऊ," विक्की म्हणाला. "आमचे बी ओठ हालले."

"तुमचे बी हालले, भाऊ," बायनाबाई दारातून म्हणाल्या. "म्या पाह्यलं."

हेमराजभाऊ हसायला लागले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि बुधरीला विचारलं, "किती मोठं हाय हे गानं?"

"समोरचे थकले नाई तर सरत नाई."

त्यांनी वहीवर एकदा नजर टाकली. मग वही मिटली. "दीपिका. तुजं नाव लिवलं व्हतं म्या. एकटीनं उभी राह्यची बाई म्हनून. आता तशी बाई नाई पायजे मले. नाटकात ओळ बुधरी टाकंन. तू समोरच्या बाजूले उभी राहाजो, बाकीचे तुज्या मागं."

दीपिकाला टोचलं. नाही कसं टोचणार? तिनं आपलं नाव मनातल्या मनात कितीदा नाटकाच्या पाटीवर वाचलं होतं. वडिलांनी शिकवलेला एका दमाचा तो मान एवढ्यातच आपल्या हातात आला होता आणि आपणच तो खाली ठेवला होता.

"म्हंजे माजी सून मागं गाईन का?" बायनाबाईंनी पदर खोचला.

"मागं नाई, आजी," बुधरी म्हणाली. "समोर. परत देणारा नसला तर माझी ओळ पुढं कशी जाईल?" मग ती दीपिकाकडे वळली. "आणि ताई, तू आज नुसती तीच ओळ परत दिली. तसं फक्त लहान पोरं करतात. मोठ्यांनी आपली घालायची असते."

"मला गोंडी कुठं येते?"

"तुझ्या बोलीतच घाल. मी विचारते."

ती बारा पावलं मागे गेली. पोरं दोन बाजूंना झाली, कोणी न सांगता. बुधरीनं नवी ओळ टाकली आणि मग मराठीत हळूच सांगितलं, "कुठून आलीस, कोणाला घेऊन आलीस, असं विचारलं."

दीपिका उभी राहिली. दुसऱ्याची गाणी तिनं शेकडो गायली होती, स्वतःची ओळ एकही नाही. तोंड उघडेपर्यंत तिला माहीत नव्हतं काय येईल. आणि आलं ते तिच्या सासूच्या, शेजारणींच्या, धानाच्या बांधीतल्या बोलीत आलं.

"बांधीच्या पाळीवरून आलो वो बाई, लेक कडेवर घेऊन आलो..."

शेवटचं अक्षर तिनं तसंच उघडं सोडलं. मग बुधरीनं ती ओळ उचलली, आपल्या वळणानं, 'कडेवर'वर जरा रेंगाळून, आणि तिच्या बाजूच्या वीस जणांनी ती घेतली. दीपिका ऐकत राहिली. आपणच आत्ता बोललेलं, एवढं साधं, रोजचं, ते समोरून चालत येत होतं, आणि ते इतकं मोठं होतं की तिला एक पाऊल मागे सरावं लागलं.